अर्थावरचा रंग

इतरांना शब्दांचा अर्थ लावून देण्यात आमची तीस वर्षे गेली. पण अर्थ नीट लागला नाही तर मोटारही चालेनाशी होते, हे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका मिस्त्र्याने आम्हांस शिकविले.

माघात आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्याची वापरलेली मोटार विकत घेतली. "सर, गाडी जुनी आहे, पण वायरिंगची काळजी नको," असे तो म्हणाला होता. पाच महिने त्याचा शब्द खरा ठरला. आषाढातील एका रात्री मात्र बोरघाटात दिवे, पंखा आणि वायपर एकदम चालू असता पुढचा उजेड मंदावला आणि इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला. शेजारी मंडळी, मागे झोपलेला नातू, आणि समोर केवळ धुके! घरी पोहोचेपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता.

मोटारीला आपली व्याधी सांकेतिक आकड्यांत सांगता येते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. पुढे ती आपल्याकडेही आली. आमच्या गाडीने 'पी०५६२' असा संकेत दिला. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. पुढील शून्याचा आशय असा की, हा संकेत सर्व कंपन्यांना समान आहे. आणि उरलेल्या आकड्यांचे तात्पर्य, विजेचा दाब कमी. आम्ही पडलो पुस्तकी माणूस. छापील अक्षर दिसले की निकाल लागला! नवी बॅटरी घातली; संकेत पुन्हा हजर. अल्टरनेटर बदलला, तरी तेच. तेव्हा आम्ही विद्यार्थ्याला फोन करून, "गुरूलाच फसविलेस," असे सुनावले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मी येऊन पाहू का?" आम्ही "नको" म्हटले.

अखेर गाडी एका वृद्ध मिस्त्र्याकडे नेली. संकेताकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. इंजिन चालू ठेवून त्याने सारे दिवे लावविले आणि मीटर धरला. बॅटरीच्या दोन टोकांवर १४ व्होल्ट भरले. "बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले," तो म्हणाला. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी गाडीच्या पत्र्याला लावली. तेथे जवळजवळ शून्य हवे होते. निघाले ३ व्होल्ट!

"साहेब, बॉडीला अर्थ मिळत नाही."

दिव्यांतून गेलेली वीज पत्र्यावाटे बॅटरीकडे परतते. गाडीच्या संगणकाची वाटही तीच. ती वाट अडल्याने १४ पैकी ११ व्होल्टच कामी येत होते. इंजिनाची जाड तार वेगळी असल्याने सेल्फ मात्र एका झटक्यात लागे. दिवसा विजेचा खर्च थोडा, म्हणून दोष दडून राही. मिस्त्र्याने बोल्ट काढला. तारेच्या टोकाखाली चकचकीत काळा रंग होता.

तो रंग आम्हीच लावविला होता! पाडव्याला जुनी गाडी नवी दिसावी म्हणून बोनेटखालचा गंज आम्ही झाकविला. रंगातून वीज वाहत नाही. नटाच्या आट्यांतून जेमतेम पाझरत होती. मिस्त्र्याने पॉलिश पेपरने पत्रा घासला, बोल्ट आवळला आणि संकेत पुसला. तो पुन्हा आला नाही.

संकेत खोटा नव्हता. दाब कमी आहे, एवढेच तो सांगत होता. का कमी आहे व दोष कोणाचा, हे आम्ही पदरचे घातले. उत्तरपत्रिकेवरील गुणांकडे पाहून एखाद्या मुलाविषयी आम्ही असेच किती निकाल दिले असतील, याचा हिशेब आता कोण देणार?

एक हिशेब मात्र देण्याजोगा होता. त्याच संध्याकाळी आम्ही त्या विद्यार्थ्याला फोन केला आणि रंगाची हकीकत सांगून क्षमा मागितली. तो म्हणाला, "ते जाऊ द्या, सर. आता रात्री घाटात दिवे नीट लागतात ना?"