मूळ प्रत

'छायाचित्रे सुधारण्यासाठी एखादी स्वस्त आणि सोपी आज्ञावली सुचवा,' असे मराठीच्या प्राध्यापकाला सहसा कोणी म्हणत नाही. पण गेल्या वर्षभरात मला ते निदान आठ-दहा जणांनी म्हटले आहे. आमच्या विभागातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या जुन्या वाचनालयाचा इतिहास लिहायला घेतला, आणि कपाटांतून अहवाल व जमाखर्चाच्या वह्यांबरोबर दोन पत्र्याचे डबे भरून छायाचित्रे बाहेर पडली. व्याख्यानमालेतले वक्ते, हारतुरे, सतरंजीवर मांडी घालून बसलेले श्रोते, आणि पहिल्या रांगेत हटकून एक झोपलेले गृहस्थ. काहींच्या कडा कसरीने खाल्लेल्या, बहुतेक पिवळी पडलेली. ती संगणकावर घ्यायची, वाचनीय करायची (हा शब्द मी मुद्दाम वापरतो) आणि तेही शून्य रुपयांत, असा तो पेच होता. करणारे सगळे नवशिके, मी त्यांच्यातलाच एक.

मजकुराचे काय आणि चित्राचे काय, मराठीत आपण शब्द एकच वापरतो: संपादन. पाठचिकित्सेशी थोडाफार संबंध आलेल्याला हा शब्द हलका वाटत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना तिची पाने आठवतील. वर संपादकांनी सिद्ध केलेली संहिता, खाली हस्तलिखितांतले पाठभेद, आणि जिथे संपादकांची स्वतःची खात्री कमी तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ. वाचकाला न विचारता काहीही नाहीसे केलेले नाही आणि न सांगता काहीही घातलेले नाही. आज्ञावली निवडताना मला ही नागमोडी रेघ वारंवार आठवत होती.

'सोपे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि जाहिरातींना ते एकच आहेत असे भासवणे सोयीचे असते. पेन्सिल सोपी असते, ती एका अर्थाने. आणि दुसऱ्याने लिहून दिलेला निबंध सोपा असतो, तो दुसऱ्या. एक बटन दाबले की जुने छायाचित्र 'नवे' करून देणाऱ्या मोबाईलवरच्या युक्त्या या दुसऱ्या जातीच्या आहेत.

माझ्या आजीचे एकच छायाचित्र घरात आहे. १९३८च्या सुमाराचे, मुलींच्या शाळेतल्या बारा शिक्षिका दोन ओळींत उभ्या, मागच्या ओळीत डावीकडून दुसरी ती. चेहरा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पाच मिलिमीटरांचा असेल. आजी १९४९ साली गेली तेव्हा माझे वडील नऊ वर्षांचे होते. माझ्या भाच्याने कौतुकाने तो चेहरा अशाच एका युक्तीत घालून मोठा करून आणला. पापण्यांचे केस मोजता यावेत इतका स्पष्ट. वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "छान केलंयस रे बाळा. पण ही कोण?"

यात गूढ काही नाही. पाच मिलिमीटरांचा चेहरा ३०० डीपीआयने स्कॅन केला तर त्याच्या वाट्याला आडवे साठेक बिंदू येतात. साठ बिंदूंत पापण्यांचे केस नसतात. आज्ञावलीने ते इतर असंख्य चेहऱ्यांच्या सरासरीतून आणून बसवले. नाक थोडे सरळ केले, हनुवटी भरून काढली. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर हा संपादकाचा तर्क होता आणि तो नागमोडी रेघेवाचून संहितेत छापला गेला. वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. आणखी काही वर्षांनी हेच चित्र घरात आले असते तर 'ही कोण' असे विचारणारे कोणी उरले नसते, आणि पुढच्यांसाठी तीच आजी झाली असती.

म्हणून आम्ही आमची निवड उलट्या बाजूने सुरू केली. आज्ञावली काय काय करू शकते हे नंतर. ती काय करत नाही, आणि केलेले मागे घेता येते का, हे आधी.

नवशिक्याची गरज प्रत्यक्षात किती असते? आमच्या डब्यांतल्या जवळजवळ सगळ्या छायाचित्रांना चार गोष्टी पुरल्या: तिरके सरळ करणे, कडा कापणे, फिकेपणा घालवणे, आणि धुळीचे ठिपके काढणे. यांपैकी निम्मे काम तर आज्ञावलीच्या आधीच, स्कॅनरवर होते. ६०० डीपीआयने घेतले की आजीच्या चेहऱ्याला साठाऐवजी एकशे अठरा बिंदू मिळतात. ते खरे असतात, कोणी कल्पिलेले नसतात. (कागदावर छापलेल्या जुन्या छायाचित्रांत त्यापुढे गेल्याने सहसा फारसे काही हाती लागत नाही, फाईल मात्र फुगते.) आणि स्कॅन टिफमध्ये ठेवावा. जेपेग हा प्रकार जागा वाचवण्यासाठी बारीक तपशील टाकून देतो, आणि बदल करून पुन्हा जतन केले की पुन्हा थोडा टाकतो. नकलेची नक्कल करणाऱ्या लेखनिकांच्या हातून पोथीचे काय होते ते आपण वाचलेले असते. इथे ते एका दुपारीत पाहायला मिळते.

फिकेपणाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते नवशिक्याने एकच साधन शिकायचे तर ते हे. कृष्णधवल चित्रातला प्रत्येक बिंदू संगणकाच्या हिशेबी ० ते २५५ यांमधला एक आकडा असतो. ० म्हणजे निव्वळ काळा, २५५ म्हणजे निव्वळ पांढरा. जुने, विटलेले छायाचित्र मोजून पाहिले तर त्यात काळाही नसतो आणि पांढराही नसतो; सगळे आकडे समजा ७० ते १९० यांच्या दरम्यान दाटीवाटीने बसलेले असतात. 'लेव्हल्स' नावाच्या साधनात या दाटीचा डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडचा त्रिकोण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणायचा, उजवीकडचा उजव्या. बस. ७० होते त्याचे ० झाले, १९० होते त्याचे २५५, आणि मधले सगळे त्या प्रमाणात पांगले. सतरंजीवरचे पट्टे दिसू लागतात, वक्त्याच्या उपरण्याला काठ येतो. महत्त्वाचे हे की जो बिंदू शेजारच्याहून उजळ होता तो उजळच राहिला. क्रम बदलला नाही, बाहेरून काही आले नाही. मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करावे तसे हे आहे. एक बटन दाबून येणारा 'नवा' चेहरा म्हणजे त्याच कागदावरून लिहिलेली कादंबरी.

हे साधन जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीत असते, फुकटातल्याही. मग निवड कशावर करायची? इथे पिकासाची आठवण काढणे भाग आहे. २००४ साली गूगलने घेतलेली ही आज्ञावली फुकट होती, सोपी होती, आणि मूळ छायाचित्राला हात लावत नव्हती. केलेले बदल ती एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये नोंदवून ठेवी आणि दाखवताना चित्रावर चढवून दाखवी. संपादनाची याहून सभ्य पद्धत मला माहीत नाही. पण ती नोंद पिकासाखेरीज दुसऱ्या कोणाला वाचता येत नसे, आणि २०१६ साली गूगलने पिकासा बंद केली. ज्यांनी बदल केलेल्या प्रती वेगळ्या काढून ठेवल्या नव्हत्या त्यांची छायाचित्रे सुखरूप राहिली, श्रम मात्र कुलूपबंद झाले. तेव्हा मूळ प्रत शाबूत हवी हे खरेच. पण तिच्यावर केलेले कामही दुसरीकडे उघडता आले पाहिजे.

'स्वस्त' या शब्दाचा हिशेबही इथेच येतो. अडोबीने २०१३ साली फोटोशॉप एकरकमी विकणे थांबवायचे ठरवले आणि ते भाड्याने देण्याची पद्धत आणली. त्याचे धाकटे भावंड फोटोशॉप एलिमेंट्स २००१पासून नवशिक्यांसाठी होते. तेही २०२४ साली आलेल्या आवृत्तीपासून तीन वर्षांच्या परवान्यावर मिळते. भाड्यात वाईट काही नाही, छायाचित्रकाराच्या व्यवसायात तो खर्च निघतो. पण एका उन्हाळ्यात दोन डबे स्कॅन करणाऱ्या विद्यार्थ्याला, आणि चार वर्षांनी पुन्हा तेच काम उघडू पाहणाऱ्या वाचनालयाला, भाडे परवडत नाही. अॅफिनिटी ही एकरकमी मिळणारी चांगली आज्ञावली होती. २०२४ साली ती कॅन्वाने घेतली आणि २०२५च्या ऑक्टोबरात मूळ आज्ञावली फुकट केली, खाते मात्र उघडावे लागते. एका कंपनीच्या निर्णयाने फुकट झालेली वस्तू दुसऱ्या निर्णयाने विकतही होऊ शकते, हे मनात धरून ती जरूर वापरावी.

आम्ही शेवटी गिंपवर स्थिरावलो. १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ती लिहायला घेतली; आज ती जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात आणि तिची संहिता कोणालाही वाचता येते. (विंडोजवर चालणारी आटोपशीर पेंट डॉट नेट हीदेखील २००४ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून जन्मली, आणि खुद्द फोटोशॉपचा आरंभ १९८७ साली मिशिगन विद्यापीठातल्या थॉमस नोल या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने केला. आपण विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून काय देतो, हा विचार मनात येऊन गेला.) गिंप पहिल्या भेटीत आपलीशी वाटत नाही, हे कबूल. पण तिच्याविषयी नवशिके जी तक्रार सर्वांत जास्त करतात तीच मला तिची थोरवी वाटते. २०१२च्या आवृत्तीपासून तिच्यात 'जतन करा' म्हटले की फक्त तिची स्वतःची, थर शाबूत असलेली फाईल होते. जेपेग हवी तर 'निर्यात करा' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणजे हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांची गल्लत ती होऊच देत नाही. २०२५ साली आलेल्या ३.० या आवृत्तीत फिल्टरचे बदल चित्रावर कायमचे न लादता नंतर उलगडता येतात, ही मोठीच सोय झाली आहे.

ज्यांच्याजवळ संगणक जुना किंवा दुसऱ्याचा आहे त्यांना मी फोटोपी सुचवतो. ती ब्राउझरमध्येच उघडते, जाहिराती दाखवते, पण चित्रे आपल्याच यंत्रावर राहतात. केवळ मोबाईल असणाऱ्यांसाठी स्नॅपसीड. तिच्यात केलेल्या दुरुस्त्यांची उतरंड पुन्हा उघडून एखादीच बदलता येते. शेकडो चित्रे एकदम लहान करायची तर विंडोजवर इरफानव्ह्यू, त्यात शिकण्यासारखे काही नाही इतकी ती सरळ आहे. आणि चित्राखाली मराठीत ओळ लिहायची असेल तर आधी 'शिक्षण' हा शब्द टंकून पाहावा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा 'क्ष' सुटा पडला, तर ती आज्ञावली कितीही महाग असो, आपल्या कामाची नाही.

विद्यार्थ्यांनी आता प्रत्येक चित्राशेजारी त्याच नावाची एक साधी मजकूर-फाईल ठेवायला सुरुवात केली आहे. तिच्यात दोन-तीन ओळी असतात: 'दीड अंश उजवीकडे वळवले. लेव्हल्स ७० ते १९०. उजव्या भिंतीवरचे डाग काढले. माणसांना हात लावलेला नाही.' एका चित्रावर मात्र आमचे एकमत झालेले नाही. त्यात वक्त्याच्या चेहऱ्यावरून कागदाची घडी उभी गेली आहे, डाव्या डोळ्यातून. एक विद्यार्थिनी म्हणते की उजव्या डोळ्यावरून डावा सहज बसवता येईल. दुसरा म्हणतो की माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. स्मरणिकेचा मजकूर महिनाअखेर छापायला जायचा आहे. तूर्त घडी तशीच आहे.