समुद्रकाठचा तराजू

चाळीस वर्षे भुसार मालाच्या व्यापारात घालविलेल्या गृहस्थाला युरोपचा समुद्रकिनारा दाखविला, तर तो प्रथम काय पाहील? सांगलीच्या बाजारपेठेत आयुष्य गेलेल्या आण्णांनी आधी धक्का पाहिला, मग गोदामे पाहिली आणि विचारले, “इथं माल कुठला यायचा?” जर्मनीत स्थायिक झालेल्या लेकीने व जावयाने मोठ्या हौसेने आखलेल्या त्या सहलीत एड्रियाटिक समुद्राचे निळे पाणी आणि पांढऱ्या दगडांची गावे काकूंना मनसोक्त पाहावयास मिळाली. आण्णांच्या वाट्याला मात्र एक जुना हिशेब आला.

सहलीची सुरुवात क्रोएशियातील स्प्लिट या शहरापासून झाली. रोमन सम्राट डायोक्लेशियन इ. स. 305 मध्ये स्वेच्छेने सिंहासनावरून उतरला आणि समुद्राकाठी बांधलेल्या आपल्या प्रासादात येऊन राहिला. पुन्हा राज्य हाती घ्यावे म्हणून त्याला गळ घालण्यात आली, तेव्हा त्याने आपल्या मळ्यातील कोबीचे कौतुक सांगून ती विनंती परतविली, अशी कथा आहे. सतराशे वर्षांनंतर आज त्या प्रासादाच्या भिंतींच्या आत दुकाने आहेत, घरे आहेत, खिडक्यांतून कपडे वाळत आहेत. दुकान मुलाच्या हाती सोपवूनही रोज गल्ल्याजवळ जाऊन बसणाऱ्या आण्णांना काकू म्हणाल्या, “अहो, राजाला जमलं ते तुम्हाला जमेना.” आण्णा नुसते हसले.

स्प्लिटहून दक्षिणेस दुब्रोवनिककडे जाताना मोटार एका भव्य पुलावर चढली. पेल्येशाचचा हा पूल सुमारे 2.4 किलोमीटर लांबीचा असून तो 2022 मध्ये खुला झाला. तोपर्यंत क्रोएशियाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी मध्ये बोस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. या पट्टीचे मूळ जावयाने सांगितले. दुब्रोवनिक हे पूर्वी रागुसा नावाचे स्वतंत्र व्यापारी गणराज्य होते. बलाढ्य व्हेनिसची सीमा आपल्या सीमेला भिडू नये म्हणून 1699 च्या तहाच्या वेळी त्याने न्यूमजवळचा हा किनारा तुर्कांना सोडून दिला. गणराज्य गेले, तुर्क गेले, व्हेनिसचे राज्यही गेले. परंतु पट्टी राहिली आणि तीनशे वर्षांनंतर तिला टाळण्यासाठी समुद्रावर पूल बांधावा लागला.

“वाटणीचा कागद असाच असतो,” आण्णा सहज बोलून गेले. “लिहिणारे जातात. मागच्यांना वळसा घालावा लागतो.”

काकू खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दुब्रोवनिकला पोहोचल्यावर प्रथमदर्शनी मन भरते ते तेथील तटबंदीने. सुमारे 1,940 मीटर लांबीचा आणि काही ठिकाणी 25 मीटर उंचीचा हा तट जुन्या शहराला चहूबाजूंनी कवेत घेऊन उभा आहे. तटावरून चालताना एका बाजूस अथांग समुद्र आणि दुसऱ्या बाजूस हजारो कौलारू छपरे दिसतात. त्या छपरांत फिकट, जुनी कौले थोडी आणि तांबडीलाल, नवी कौले फार. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये या शहराला वेढा पडला आणि 6 डिसेंबर रोजी जुन्या शहरावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. नवे कौल दिसते तेथे बहुधा त्या काळातील घाव आहे, हे समजल्यावर छायाचित्रातील ती सुंदर लाली निराळी दिसू लागते.

आण्णांना कुतूहल वाटले ते एवढेसे गाव शतकानुशतके टिकले कसे, याचे. रागुसापाशी मोठे सैन्य नव्हते. सुलतानाला वार्षिक खंडणी द्यावी, सर्वांशी बोलणे चालू ठेवावे आणि जहाजे हलती ठेवावीत, हेच त्याचे धोरण. 1808 मध्ये नेपोलियनच्या सेनापतीने ते गणराज्य बरखास्त करीपर्यंत ते चालले. गावाची व्यवस्थाही पाहण्यासारखी. फ्रान्सिस्कन मठातील औषधालय 1317 पासूनचे. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना गावात घेण्यापूर्वी 30 दिवस बाहेर थांबविण्याचा नियम 1377 चा. सुमारे 12 किलोमीटरवरून पाणी आणून 1438 च्या सुमारास बांधलेल्या कारंज्यावर प्रवासी आजही आपल्या बाटल्या भरतात. आणि 1416 मध्ये, माणसांची खरेदी-विक्री भूमध्य समुद्रावर राजरोस चालू असताना, येथील परिषदेने आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापाराची मनाई केली. नफ्याचा एक प्रकार व्यापाऱ्यांच्या गावाने आपण होऊन वर्ज्य करावा, ही गोष्ट आण्णांनी जावयाकडून दोनदा वदवून घेतली.

या गावचाच बेनेडिक्ट कोत्रुलयेविच नावाचा व्यापारी. त्याने 1458 मध्ये व्यापारावर ग्रंथ लिहून पुरा केला आणि त्यात द्विनोंदी हिशेबपद्धतीचे वर्णन केले. या पद्धतीचा जनक म्हणून ज्याचे नाव सर्वत्र घेतले जाते, त्या लुका पाचोलीचा ग्रंथ त्यानंतर, 1494 मध्ये प्रसिद्ध झाला. कोत्रुलयेविचचे हस्तलिखित मात्र 1573 पर्यंत छापले गेले नाही. या पद्धतीचा गाभा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर विसरतो: जे एकीकडे जमा होते, ते दुसरीकडे कोणाच्या तरी नावे पडलेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वजण स्पोंझा प्रासादात गेले. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ही इमारत म्हणजे गणराज्याचे जकातघर. 1667 च्या भीषण भूकंपात बहुतेक शहर कोसळले, ती मात्र उभी राहिली. आज तेथे शहराचे दप्तरखाने आहेत. आतल्या चौकात जेथे मालाचे वजन होई, तेथील कमानीवर लॅटिन भाषेत एक लेख कोरला आहे. लेकीने भ्रमणध्वनीवर पाहून त्याचा अर्थ सांगितला. आमची वजने फसवूही देत नाहीत आणि फसूही देत नाहीत. मी माल तोलत असतो, तेव्हा देव मला तोलत असतो, असा त्याचा आशय.

आण्णांची मुद्रा उजळली. मापात पाप नाही, हीच तर त्यांच्या दुकानाची ख्याती. वडिलांच्या काळापासून गिऱ्हाइकासमोर आधी रिकामा काटा दाखवायचा, मगच माल टाकायचा, हा शिरस्ता. पासंगाचा खडासुद्धा त्यांच्या तराजूला कधी बांधला गेला नव्हता. “आपल्या दुकानावर लिहावं असं वाक्य आहे,” ते म्हणाले आणि लेकीने त्यांचे तेथे छायाचित्र काढले.

त्यानंतर मात्र ते गप्प झाले. तोलणारा कोण, याविषयी त्यांची श्रद्धा त्या लेखाहून निराळी होती. कर्माचा हिशेब ठेवावयास कोणा मुनीमाची गरज नसते, असे त्यांच्या आईचे सांगणे. पण तोलले जाणे कोणाला चुकत नाही, इतके तर दोन्हीकडे सारखेच.

बावीस वर्षांपूर्वी वडील वारल्यावर दोघा भावांत वाटणी झाली होती. पेठेतील दुकान आण्णांकडे आले, गावाकडील शेत धाकट्याकडे गेले. कागद आण्णांनीच केला. शेताची किंमत त्यांनी त्या वर्षीच्या बाजारभावाने धरली. दुकानाची किंमत धरली ती वहीत होती तीच, वडिलांनी जागा घेतली त्या काळातली. दोन्ही आकडे खरे होते. कोणत्याही कचेरीत कोणी बोट ठेवले नसते. धाकट्याने तर वाचलेही नव्हते. “आण्णा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार की,” असे म्हणून त्याने सही केली होती. पुढे केव्हातरी त्याच्या ध्यानात आले असावे. भांडण झाले नाही. लग्नकार्यात भेटी होत राहिल्या, फक्त दिवाळीला धाकटा येईनासा झाला.

त्या संध्याकाळी सगळे जुन्या बंदराच्या धक्क्यावर बसले. जूनमध्ये तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवस असतानाच जेवण्याचा काकूंचा नियम सहज पाळला गेला. खाणावळींत मासळीचा सुकाळ असल्याने डब्यातील दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हेच पक्वान्न ठरले. पाणी हळूहळू काळसर होत होते. आण्णांनी खिशातून तटबंदीचे तिकीट काढले, पाठीमागील कोऱ्या बाजूवर दोन आकडे मांडले, वजाबाकी केली आणि ते काकूंपुढे धरले.

काकूंनी आकडा पाहिला. “मला तेव्हाच कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग बोलली का नाहीस?”

“दुकान माझ्याही घरात येत होतं.”

समुद्रावर एक नाव दिवा लावून परत येत होती. ती धक्क्याला लागेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत आण्णा गावी गेले. धाकट्या भावाने तिकीट हातात घेतले, आधी सुलट बाजूचे चित्र बराच वेळ पाहिले आणि मग उलटून आकडे पाहिले. “समुद्र चांगला होता काय तिथला?” एवढेच त्याने विचारले. बोलली ती त्याची पत्नी. चहाचे कप ठेवीत ती शांतपणे म्हणाली, “भाऊजी, मुद्दल मांडलंत, बरं केलंत. बावीस वर्षांचं व्याज कसं धरणार?”

वकिलाकडे कागद तयार होत आहेत. मुद्दलाचा प्रश्न सुटेल. व्याजाचा दर मात्र आण्णांना अजून ठरविता आलेला नाही, कारण दिवाळीला रिकाम्या राहिलेल्या पाटाची किंमत कोणत्या भावाने धरावी, हे वडिलांच्या वहीत कोठेही लिहिलेले नाही. त्यांनी तूर्त एकच गोष्ट केली आहे. कमानीखालचे ते छायाचित्र दुकानात लावण्याचा मुलाचा बेत होता. आण्णांनी त्याला थोडे थांबावयास सांगितले आहे.