जेडची पानं

शिकागोच्या थंडीत घरात काहीतरी हिरवं असावं म्हणून २००६ साली मी जेडची एक छोटी कुंडी आणली. जाड, गोलसर, चकचकीत पानं. मूळ गाव दक्षिण आफ्रिका. विकणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "विसरलात तर जगेल, लाड केलेत तर मरेल." माझ्यासारख्या आळशी इंजिनियरला यापेक्षा बरं झाड कुठलं मिळणार?

हे झाड भलतंच काटकसरी. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडतात, त्यातून पाणी उडून जातं. हे बेटं रात्रीच्या गारव्यात छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा दारं-खिडक्या बंद करून त्याची साखर बनवतं. पाण्याचा साठा पानांतच.

२००७ च्या सप्टेंबरात आई सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच दिवशी आंघोळ झाल्यावर तिने जेडला तांब्याभर पाणी घातलं. इथे तुळस नाही, निदान हे तरी! मी सांगितलं, "आई, थंडीत याला महिन्यातून एकदा पुरे." ती "बरं" म्हणायची आणि मी ऑफिसला गेलो की घालायची. डिसेंबरात खोड बुडाशी कुजलं आणि झाड कलंडलं. मी नको इतका चिडलो. "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" असंही बोलून गेलो. ती गप्प बसली. बाहेर बर्फ, दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि सकाळचं तेवढं एक हक्काचं काम. तेही गेलं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही.

मार्चमध्ये तिला विमानतळावर सोडून परत आलो. तिच्या खोलीच्या खिडकीत दह्याचा रिकामा डबा होता. त्यात माती आणि मातीवर जेडची चार पानं. मी झाड फेकण्याआधी तिने वरची चांगली पानं काढून ठेवली असणार. तीन पानांच्या देठाशी केसासारखी मुळं आणि तांदळाच्या दाण्याएवढी इवली पानं फुटली होती. जुनी पानं सुरकुतून गेली होती. मातीला बोट लावून पाहिलं. कोरडी होती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सोपं आहे. पान देठापासून अख्खं काढा, जखम सुकेपर्यंत चार-सहा दिवस सावलीत ठेवा, मग वाळू मिसळलेल्या मातीवर नुसतं आडवं टेकवा. मुळं दिसली की अधूनमधून थोडं पाणी शिंपडा. बाकी काही करू नका. तेच सगळ्यात अवघड!

दोन दिवसांनी आईला फोन केला. माफी मागायची होती. जमलं ते एवढंच, "आई, अगं, तुझी पानं फुटली."

"माहितीये मला," ती म्हणाली. "आता आनंदाच्या भरात पाणी घालत बसू नकोस."