फडताळातला पाडवा

गृहिणीला स्वयंपाकाचा जो कंटाळा येतो तो बहुधा कष्टांचा नसतो, "आज काय करावे?" या रोजच्या प्रश्नाचा असतो. म्हैसूरच्या एकाच स्वयंपाकघरात चाळीस वर्षांहून अधिक काळ मी हा प्रश्न दररोज सकाळी स्वतःला विचारीत आले आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मात्र मला बाजार बंद असलेल्या एका सणाच्या दिवशी मिळाले. तो दिवस होता 25 मार्च 2020 चा.

आदल्या रात्री आठ वाजता सर्व देशाला घरात राहण्याचा आदेश झाला होता आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली होती. योगायोग असा की तोच दिवस गुढीपाडव्याचा होता आणि कानडी मुलखातील युगादीचाही. एरवी युगादीच्या पहाटे देवराज मार्केटात पाऊल ठेवण्यास जागा नसते. मोगऱ्याच्या माळांचे ढीग, आंब्याचे डहाळे, कडुलिंबाची फुले, हिरव्यागार कैऱ्या यांनी ती जुनी गल्ली भरून गेलेली असते. त्या दिवशी मात्र आमच्या रस्त्यावर कुत्रेसुद्धा दबकत चालत होते. किराणा दुकाने उघडी राहतील असे सांगण्यात आले होते. परंतु माझ्या यजमानांना जानेवारीतच मधुमेह निघाला होता, वयही सहासष्ट. अशा माणसाच्या घरातून गर्दीत पिशवी घेऊन जाणे मला धाडसाचे वाटेना.

सकाळी आम्ही गुढी उभारली. रेशमी खण होता, तांब्या होता, कोपऱ्यावरच्या झाडाचा कडुलिंब होता; साखरेची गाठी तेवढी नव्हती. मग मी फडताळ उघडून उभी राहिले. तांदूळ व तूरडाळ होती. नाचणीचे पीठ होते, ज्याला येथे रागी म्हणतात. मुगाची डाळ, हुलगे, शेंगदाणे, पंढरपुरी डाळे, गूळ, चिंच आणि तीळ होते. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मटारची एक पिशवी, खवलेला नारळ आणि हिवाळ्यात मोठ्या हौसेने साठवलेली 'हितकिद अवरेबेळे', म्हणजे भिजवून साल काढलेले पावट्याचे दाणे, होते. खाली अर्धी वाटी दही आणि दोन लिंबे. परसात शेवगा आणि कढीलिंब. ही यादी आज लिहिताना मला भरघोस वाटते, त्या सकाळी मात्र मी म्हणाले, "घरात काहीच नाही."

श्रीखंडपुरीचा प्रश्नच नव्हता. दोन माणसांना वरणभात आणि लोणचे पुरेसे आहे, सण पुढच्या वर्षी करू, असे ठरवून मी कुकर लावण्यास वळले. तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, वरची मुलगी कालपासून खाली उतरलेली दिसली नाही. ती जेवते कुठे?"

मी जागच्या जागी थिजले. आमच्या माडीवरच्या खोलीत यवतमाळ जिल्ह्यातून अन्नशास्त्र शिकण्यासाठी आलेली एक विद्यार्थिनी भाड्याने राहत होती. दोन्ही वेळा ती खानावळीत जेवत असे. खानावळ रविवारपासून बंद होती आणि आज बुधवार होता. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या मनात ते आले नव्हते, एवढेच. जिना चढून गेले तेव्हा तिने दार अर्धेच उघडले. मागे बांधलेली बॅग दिसत होती, न सुटलेल्या गाडीसाठी बांधलेली. टेबलावर बिस्किटांचा रिकामा पुडा आणि पाण्याची बाटली होती.

"काकू, माझ्याकडे आहे खायला," ती म्हणाली. "सणाच्या दिवशी तुम्हांला कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात? अगं, कधी जेवलीस?" मी विचारले. तिने उत्तर दिले नाही आणि तेच उत्तर होते.

त्या क्षणी मला माझी आई आठवली. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते आणि आम्ही सांगोला तालुक्यात राहत होतो. विहिरी आटल्या होत्या, वडील खडी फोडण्याच्या कामावर जात, तेथे मुलांना सुकडी मिळे. घरात रेशनवरची परदेशी तांबडी मिलो ज्वारी असे. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशात अडके. परंतु आईने नुसती भाकरी आमच्यापुढे कधी ठेवली नाही. कधी हुलग्याचे पातळ पिठले, कधी आदल्या वर्षी वाळवून गाडग्यात ठेवलेली हरभऱ्याची भाजी, कधी मूठभर दाण्यांची चटणी. भाकरीला सोबत हवीच, असा तिचा नियम होता. तिचा दुसरा नियम असा की चुलीवर काही चढवण्यापूर्वी शेजारच्या परित्यक्ता बाईचे मूल जेवले की नाही ते विचारून यायचे. विचारायला मलाच पाठवी. अठ्ठेचाळीस वर्षांनंतर, भरलेल्या फडताळासमोर उभी राहून, मी तो नियम विसरले होते.

मुलीला मी खाली आणली आणि प्रथम ताकात कालवलेला भात दिला. तिच्या जिवात जीव आल्यावर ती पदर खोचावा तशी ओढणी खोचून उभी राहिली व म्हणाली, "काकू, आता आपण सणाचे जेवण करू. तुमच्याकडे सगळे आहे." माझ्या "काहीच नाही"ला मिळालेले हे पहिले उत्तर.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मुगाची डाळ तिने अर्धा तास भिजत घातली, ती कोसंबरीसाठी. आपल्या कोशिंबिरीची ही म्हैसूरकडील बहीण. काकडी नव्हती म्हणून वाफवलेला मटार घातला, वर नारळ, लिंबू आणि मोहरी-कढीलिंबाची फोडणी. अवरेबेळ्यांची चिंचगुळाची आमटी केली. यजमानांसाठी गूळ केवळ चवीपुरता. शेवग्याचा पाला बारीक चिरून, उकड काढलेल्या नाचणीच्या पिठात मिसळून मी भाकऱ्या थापल्या. दाणे आणि पंढरपुरी डाळे यांची चटणी वाटली. भात केला, पण थोडाच.

ती शिकत होती ते शास्त्र आणि माझ्या आईचा रिवाज यांची गाठ त्या ओट्यापाशी पडली. आई भाकरीला डाळीची सोबत का देई, हे मला त्या दिवशी समजले. धान्यातील प्रथिनांत लायसीन नावाचा घटक उणा असतो, डाळींतील प्रथिनांत मेथिओनीन उणे असते. दोन्ही एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट. पालेभाजीतील व डाळीतील लोह शरीराला सहजी घेता येत नाही. लिंबातील 'क' जीवनसत्त्व सोबत असले की ते अधिक घेतले जाते. जेवणावर लागलीच चहा घेतला तर उलट होते. हे ऐकून यांनी आपला दुपारचा चहा तासभर पुढे ढकलला. आमच्या संसारातील ती एक ऐतिहासिक घटना होय.

फ्रीजमधील मटाराविषयी माझ्या मनात अढी होती. शिळे ते शिळे, असे मला वाटे. तिने समजावले की असा मटार तोडल्यावर लवकरच उकळत्या पाण्यातून थोडा वेळ काढतात, त्यामुळे दाण्याचा रंग व सत्त्व बिघडवणारी द्रव्ये निष्क्रिय होतात; मग तो उणे अठरा अंशांवर गोठवतात. चार दिवस गाड्यावर सुकलेल्या शेंगेपेक्षा तो बहुधा सरसच ठरतो. मात्र एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नये. दाणे निवडताना सुरकुतलेले आणि बुरशीचा वास येणारे चार दाणे तिने बाजूला काढले. मी म्हणाले, "भाजले की चालतील." ती म्हणाली, "नाही काकू. त्या बुरशीचे विष भाजण्याने जात नाही. टाकूनच द्यावेत."

चटणी वाटत असताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मला माझ्या शहराचा नव्याने अभिमान वाटला. म्हैसूरच्या चेलुवांबा महालात 21 ऑक्टोबर 1950 रोजी केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. देशात अन्नधान्याची ओढाताण होती आणि दूध तर गरिबाच्या मुलाला दुर्लभच. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी भुकटी करण्याची रीत याच संस्थेने बसवली. तिच्या शास्त्रज्ञांनी 'बहुगुणी अन्न' म्हणून एक पीठही तयार केले. त्यात पंचाहत्तर भाग तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ आणि पंचवीस भाग हरभऱ्याचे पीठ असून वर जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळलेले असे. मी पाट्यावरच्या गोळ्याकडे पाहिले. दाणे आणि डाळे! महालातील प्रयोगशाळेने कुपोषित मुलांसाठी जे योजिले त्याचाच ओबडधोबड भाऊबंद आमच्या सांगोल्याच्या जात्यापाशी वाटला जात होता. आईला ते कधी कळले नाही. कळले असते तर ती म्हणाली असती, "बरं झालं, शिकल्यासवरल्यांनाही पटलं."

साडेबाराला पाने मांडली. आरंभी कडुलिंबाचा मोहोर आणि गूळ. येथे त्याला 'बेवु-बेल्ला' म्हणतात. वर्षात येणारे कडू आणि गोड सारख्याच मनाने घ्यावे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडेही पाडव्याला कडुलिंब चाखतातच. मुलगी मान खाली घालून जेवत होती. तिसऱ्या भाकरीला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. हे म्हणाले, "घे बाळ. काकू मोजीत नाहीत." तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी आमटी वाढावयास उठले. जेवणानंतर दोन तासांनी यांची साखर मोजली ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत होती. सणाच्या दिवशी असे झाल्याचे पाहून यांना फारसा आनंद झाला नाही, कारण आता श्रीखंडासाठी सबब उरली नाही.

संध्याकाळी हुलगे भिजत घातले. दोन दिवसांत त्यांना मोड आले आणि मोडांबरोबर 'क' जीवनसत्त्वही वाढते, हे मला नवे कळले. जूनमध्ये गाडी मिळेपर्यंत ती मुलगी आमच्याच पानाला बसत होती. त्या अडीच महिन्यांत बाजार कधी उघडे, कधी बंद असे. परंतु "घरात काहीच नाही" हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघाले नाही.

वाचक भगिनींना माझे इतकेच सांगणे आहे. फडताळात धान्याचे दोन प्रकार, डाळ वा कडधान्याचे दोन, दाणे-तीळ, चिंच आणि गूळ, फ्रीजमध्ये हंगामातील एखादी भाजी गोठवून, आणि दाराशी शेवगा किंवा कढीलिंबाचे एक झाड. एवढे असले की चौरस आहार अर्ध्या-पाऊण तासात पानावर येतो. धान्याला डाळ, पाल्याला लिंबू, ही जोडी तेवढी मोडू नये. डब्यांवर तारीख लिहावी, जुने आधी वापरावे.

ती मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरी करते आणि पाडव्याला न चुकता फोन करते. श्रीखंड झाले का, असे ती कधी विचारीत नाही. फडताळातून काय निघाले, असे विचारते. मी तिला यादी सांगते. मात्र त्याआधी, सकाळी गुढी उभारून झाल्यावर आणि कुकर लावण्यापूर्वी, मी जिना चढून माडीवर जाते आणि तेथे सध्या जो कोणी राहत असेल त्याचे दार वाजवते.