उताराची उसनवारी

सायकल चालविण्याचें वय कोठें संपतें, हा प्रश्न आम्हांस परवांपर्यंत पडला नव्हता. कळंब हें मांजरेच्या खोऱ्यांतलें गांव. तेथल्या सपाट रस्त्यांवर आमचा गर्व सुखानें नांदत होता. पावसाळा सरतांना मुलासह मोठा फेरा करावयाचें ठरलें. येरमाळ्याच्या येडेश्वरीस नमस्कार करून बालाघाटाच्या माथ्यावरून येडशी गांठली आणि रामलिंगाच्या दरींत उतरलों. १९९७ सालीं अभयारण्य ठरलेलें हें रान तेव्हां हिरवेंगार होतें. वाऱ्यानें कान भरले. वाटलें, आपण अजून तरुणच आहों!

पण उतार म्हणजे उसनवारी. परतीच्या चढावर ती फेडावी लागते. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडीदेखील हा घाट वळणें घेत, दमानें चढत असे. आम्हीं मात्र छाती पुढें काढली. दुसऱ्याच वळणावर श्वास संपला. खालीं उतरून सायकल ढकलूं लागलों, तों पुढें गेलेला मुलगाहि उतरून उभा.

"मीहि दमलों, बाबा."

त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

तो लहान असतांना त्याच्या सायकलीची सीट धरून आम्ही मागें धांवत असूं. "धरलें आहे," असें म्हणत एके दिवशीं आम्हीं हात केव्हांच सोडला होता. तें खोटें आज त्यानें व्याजासह परत केलें.

उरलेला चढ आम्ही दोघे पायींच चढलों. कळंब येईपर्यंत त्याविषयीं कोणी कांहीं बोललें नाहीं.