सुवार्ता आणि पाणी

सुवार्ता सांगणे म्हणजे काय आणि त्यात बाप्तिस्म्याचे स्थान कोणते, यावर लिहा, असे संपादकांनी कळवले. जबलपूरच्या कांचघर भागात पाळक म्हणून राहताना हाच प्रश्न मला दुसऱ्या तोंडाने ऐकावा लागतो: "पास्टरजी, यंदा किती झाले?" आमचे हितचिंतक बाप्तिस्म्यांचा आकडा विचारतात, संशय घेणारेही आकडाच विचारतात. हे ऐकून आता थकवा येतो.

सुवार्ता ही साक्ष आहे. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, एवढे पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात मोजक्या शब्दांत सांगून ठेवले आहे. त्याच पत्राच्या आरंभी तो स्पष्ट करतो की ख्रिस्ताने त्याला पाठवले ते सुवार्ता सांगायला, बाप्तिस्मा द्यायला नव्हे. सांगणाऱ्याचे काम साक्ष दिली की संपते. पश्चात्ताप आणि विश्वास पवित्र आत्मा घडवतो. ते माझ्या हातात नाही.

मग बाप्तिस्मा कशाला? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नवे जीवन जगू लागणे. विश्वास ठेवणारा हे चारचौघांत करतो आणि मंडळीचा होतो. बुडवून द्यावा की डोक्यावर पाणी ओतावे, तान्ह्या मुलांना द्यावा की नाही, यावर आमच्यात फार भांडणे झाली. 'दिदखे' या प्राचीन पुस्तिकेने वाहते पाणी सांगितले, पण पाणी कमी असेल तर मस्तकावर तीनदा ओतण्याची मुभाही दिली. मला हा वाद गौण वाटतो. खरा वाद मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उभा केला.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. त्याची किंमत त्यांनी मोजली. संसार तुटला, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. अशा माणसाने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही बरोबरीने बसवले. दोनच वर्षांत ते वारले. टिळक अखेरीस मंडळीपासून ढळले, असे आमच्यातले काही अजून म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्यांनी पाणी नाकारले नव्हते. बाप्तिस्मा घेतलेला माणूस आपल्या माणसांतून उठून मिशनच्या आवारात परका होऊन राहतो, हे त्यांना सोसवत नव्हते.

हा प्रश्न मला पुस्तकापुरता ठेवता येत नाही, कारण आमच्या उपासनेला एक मराठी बाई येतात. म्हणतात, "पास्टर, येशूला मी सोडणार नाही, पण सासूबाई आहेत तोवर बाप्तिस्मा नको." शिवाय आमच्या मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे. अशाच आधीच्या कायद्यावरचा रायपूरच्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांचा खटला इथल्याच उच्च न्यायालयातून दिल्लीला गेला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालाने अनेक पाळक दुखावले. दुसऱ्याचे मन पालटण्याचा हक्क मी कधी मागितलाच नाही, म्हणून मला तो तितका खुपत नाही. मला काळजी वाटते ती ऐकून 'हो' म्हणू पाहणाऱ्याच्या हक्काची.

तरी टिळकांइतके पुढे मला जाता येत नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली बाप्तिस्म्याची आज्ञा ऐच्छिक नाही, म्हणून बाप्तिस्मा न झालेल्यांना प्रभुभोजन न देण्याचा नियम मी पाळतो. ताट पुढे गेले की बाईंसाठी प्रार्थना करतो. ती पुरेशी नाही, हे आम्हा दोघांनाही कळते. वधस्तंभावरच्या चोराला येशूने पाण्याची अट न घालता सुखलोकाचे वचन दिले, तेव्हा बाईंच्या तारणाविषयी मला शंका नाही. मंडळीत त्यांची जागा कोणती, हे मात्र आम्ही ठरवायचे आहे. तो भार बाईंवर टाकून चालणार नाही.