सूत

वर्तमानपत्र वाचून झाले की त्याची घडी बदलते. चुरगळलेला अंक वाचलेला, कडक घडीचा अजून वाचायचा. निराळी आठवण ठेवावी लागत नाही. यूझनेटला अशी घडी नव्हती. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी ही चावडी कल्पिली. प्रारंभी संगणक रात्री एकमेकांना टेलिफोन करून पत्रांची देवघेव करीत. पुढे तिथे इतकी माणसे बोलू लागली की, काय वाचायचे यापेक्षा काय टाळायचे हीच विद्या होऊन बसली. आणि ती सर्वस्वी तुमच्या हाती कोणता वाचण्याचा प्रोग्रॅम आहे यावर अवलंबून असे.

मी तेव्हा अमेरिकेत शिकत होतो. खोलीवर एक जुना डॉसवाला संगणक आणि सेकंदाला २४०० बिटांचा मोडेम. टेलिफोनवरून विद्यापीठाच्या यंत्रावर जायचे आणि तिथला ‘आरएन’ चालवायचा. लॅरी वॉलने १९८४ साली जगापुढे ठेवलेला हा प्रोग्रॅम म्हणजे मोठा इमानी कारकून. कोणत्या गटातले कितव्या क्रमांकापर्यंतचे लेख मी वाचले, याची नोंद तो बिनचूक ठेवी. माणसांची पारख मात्र त्याला नव्हती. आले पत्र की कर पुढे! उत्तर आधी, प्रश्न मागून. त्यात चोवीस ओळींचा पडदा भरायला आठ सेकंद लागत. आठ सेकंद ते काय, असे वाटेल. पण शिवीगाळीची दोनशे पत्रे आठ-आठ सेकंदांनी उलगडू लागली म्हणजे कळते.

डिसेंबर १९९२ नंतर जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पुन्हा पेटली. वडील दादरला, घरी टेलिफोन नाही, शेजाऱ्यांचा लागेना. ‘सॉक.कल्चर.इंडियन’ या गटावर बातम्या येत होत्या खऱ्या, पण एका बातमीमागे शंभर भांडणे. आरएनमध्ये ‘के’ दाबला की त्या मथळ्याची सगळी पत्रे नजरेआड होत. पण कुणी मुंबईला बोलून कळवलेली खबर नेमकी भांडणाच्याच मथळ्याखाली दडलेली असे. मथळा मारावा तर खबरही मरते.

एका बंगाली मित्राने ‘एनएन’ दाखवला. हा आधी नुसती यादी पुढे ठेवी : इकडे लिहिणाऱ्याचे नाव, तिकडे विषय. मंडईत टोपलीतून वांगी निवडावीत तशी पत्रे निवडायची. एव्हाना मला चार नावे ठाऊक झाली होती. ही माणसे घरच्यांकडून ऐकले तेवढेच लिहीत; मत देत नसत. तेवढी चार उचलायची, बाकी ढीग तिथेच. चौथ्या रात्री त्यांतल्या एकाने लिहिले की, मावशीशी बोलणे झाले, तिच्या गल्लीत सकाळी दूधवाला येऊन गेला. ती गल्ली आमच्या गल्लीला लागूनच. मी ते वाक्य तीनदा वाचले आणि त्या रात्री झोपलो.

पुढे घरच्या डॉसवरच चालणारा ‘यार्न’ मिळाला. विद्यापीठाच्या यंत्रावर पत्रांचे गाठोडे बांधायचे, ते एकदम उतरवून घ्यायचे, टेलिफोन ठेवून द्यायचा आणि चहा पीत सावकाश वाचत बसायचे. उत्तरे लिहून ठेवायची. ती उद्याच्या खेपेला जात. कोण कुणाला बोलतो आहे, तो धागाही तुटत नसे. यार्न म्हणजे सूतच की! आमचे ते लगेच जुळले. टेलिफोन मोकळा राहू लागल्यामुळे बिऱ्हाडातले बाकीचे तिघेही खूश होते, त्यांतला एकजण तर रोज रात्री विचारी, “काय रे, आज गाठोड्यात काय आलंय?”